गावाची आठवण कुठे राहते?

माझा पुतण्या नोकरीनिमित्त युरोपात असतो. गेल्या दिवाळीत तो चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोव नावाच्या एका लहान गावी जाऊन आला आणि तिथल्या टाउन हॉलचे छायाचित्र त्याने मला पाठवले. डोंगराच्या कुशीतला चढणीचा चौक आणि त्या चौकात सोळाव्या शतकातली भारदस्त दगडी इमारत. खाली त्याने लिहिले होते, ‘काका, तीन हजारसुद्धा वस्ती नाही या गावाची, पण डॉलर हा शब्द इथून निघाला. आपल्याकडे आहे का असे एखादे गाव? आणि अशी एखादी इमारत?’

प्रश्न त्याने सहज विचारला असेल. मला मात्र त्याने पुढचे दोन-तीन आठवडे सोडले नाही.

याखिमोवची हकिगत मोठी वेधक आहे. १५१६ च्या सुमारास तिथल्या डोंगरात चांदी सापडली. माणसे लोटली, आणि दोन दशकांत ते गाव त्या राज्यात प्रागच्या खालोखाल मोठे झाले. गावाचे जर्मन नाव योआखिमस्टाल. तिथल्या चांदीचे नाणे ते ‘योआखिमस्टालर’. त्याचे लोकांनी तोंडात घोळवून ‘टालर’ केले आणि टालरचा पुढे डॉलर झाला. चांदी संपत आली, गाव ओसरले. मग त्याच खाणीतल्या काळ्या दगडातून मादाम क्युरीने रेडियम काढले, आणि १९०६ पासून गाव औषधी पाण्याच्या स्नानांसाठी प्रसिद्ध झाले. टाउन हॉल या सगळ्याचा साक्षीदार. गावच्या जुन्या लॅटिन शाळेचे ग्रंथही त्याच इमारतीत जपून ठेवलेले आहेत.

पण या हकिगतीत एक खिळा आहे. ज्यांच्या पूर्वजांनी ते गाव वसवले, ती माणसे जर्मन बोलणारी होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्यांना तिथून घालवून देण्यात आले. त्यांच्या घरांत दुसरे लोक राहायला आले. इमारत जागच्या जागी राहिली, ग्रंथही राहिले; पण ‘माझ्या आजोबाच्या आजोबाने या पायरीवर बसून असे म्हटले होते’ हे सांगणारे कुणी उरले नाही.

हे वाचले आणि पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मनात उभे राहिले. आपल्याकडे असे गाव आहे, आणि ते माझ्या आजीचे गाव आहे. रिद्धपूर.

अमरावतीहून चाळीसेक किलोमीटरवर, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. आजूबाजूला कपाशी आणि तूर, थोडे पुढे गेले की संत्र्याच्या बागा. लाल गाडीतून उतरणाऱ्या परक्या माणसाला हे वऱ्हाडातल्या इतर पन्नास गावांसारखेच एक गाव वाटावे. फक्त एक गोष्ट वेगळी दिसेल. पावलोपावली ओटे आणि लहानमोठी देवळे, आणि त्यांच्यापुढे ‘दंडवत प्रणाम’ म्हणत झुकणारी माणसे. त्यांतली काही आपल्यासारखी धोतर-लुगड्यातली. काही थेट पंजाबकडून आलेली.

आपल्या गावांतून टाउन हॉल नसतो, चावडी असते. पाटील-कुळकर्ण्यांचे दप्तर, सारावसुली, तंटेबखेडे सगळे चावडीवर. चावडीत गावाचा हिशेब राहतो, हे खरे. पण गावाची आठवण चावडीत राहत नाही. कुणाच्या नावावर किती बिघे जमीन, हे दप्तर सांगेल. त्या जमिनीच्या बांधावर कोण हसले आणि कोण रडले, हे सांगणार नाही. रिद्धपुरात मात्र आठशे वर्षांपूर्वी एक जागा अशी होती, की तिथे गावाचे हसणे-रडणेसुद्धा नोंदवले गेले. ती जागा म्हणजे राजमठ.

मी पहिल्यांदा राजमठात गेलो तो सहा-सात वर्षांचा असताना, आजीचे बोट धरून. आम्ही अचलपूरकडच्या एका खेड्यातले. आजीचे माहेर रिद्धपूर. घरून दमणी जुंपून पहाटे निघायचे आणि उन्हं चढायच्या आत पोचायचे, असा दरवर्षीचा शिरस्ता होता. मठात पाय ठेवण्यापूर्वी आजी उंबऱ्यावर डोके टेकायची आणि मलाही टेकायला लावायची. मी एकदा विचारले, ‘आजी, आत देव कुठाय?’ ती म्हणाली, ‘देव कायले पायतं? देव बसे थे जागा पाय.’

देवापेक्षा देव बसायचा ती जागा पाहा! आजीला अक्षरओळख नव्हती. पण महानुभाव पंथाची सगळी रीत तिने त्या एका वाक्यात सांगितली होती. या पंथाच्या तीर्थांत मोठा मान असतो तो जागेचा. प्रभू इथे बसले, इथे जेवले, इथे निजले, इथे रुसले. त्या त्या जागी ओटा बांधायचा आणि त्याला नमस्कार करायचा. रिद्धपूर हे असे ओट्या-ओट्यांनी भरलेले गाव आहे.

हे प्रभू म्हणजे गोविंदप्रभू. गुंडम राऊळ हे त्यांचे दुसरे नाव. रिद्धपूरजवळच्या काटसुऱ्यात त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा नातलगांनी त्यांना रिद्धपुरास आणले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी याच गावात काढले. महानुभाव ज्या पाच कृष्णांना मानतात, त्यांतले ते एक. आणि पंथाची उभारणी करणाऱ्या चक्रधरस्वामींचे गुरू. गुजरातेतल्या एका प्रधानाचा मुलगा रामटेकच्या यात्रेला म्हणून घरून निघाला, वाटेत रिद्धपुरास त्याला गोविंदप्रभू भेटले, आणि तो पुन्हा घरी गेला नाही. तोच पुढे चक्रधर झाला.

गुरू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, त्यात गोविंदप्रभू कुठेच बसत नाहीत. त्यांनी ना प्रवचन केले, ना ग्रंथ लिहिला. ते गावभर हिंडत. वाटेल त्या घरात शिरत, चुलीवरचे काढून खात. पोरांत पोर होऊन खेळत, दगडाशी बोलत, मध्येच रुसून बसत. तोंडी सतत ‘मर मेल्या’ अशा अर्थाचा शब्द, आणि ज्याला तो मिळे त्याला धन्य वाटे. त्यांना शिवाशिव ठाऊक नव्हती. मातंगांच्या वस्तीत जायला त्यांना कधी काही वाटले नाही. मातंगांना पाणी नव्हते तेव्हा विहिरीची जागा त्यांनी दाखवली, ही लीळा आजही गावात सांगतात. तेराव्या शतकातल्या एका गावात हे घडत होते, हे ध्यानात घ्यावे. गावकऱ्यांनी या वेड्याला हाकलून दिले नाही. उलट तो त्यांना आई आणि बाप दोन्ही वाटला. दुखले-खुपले, हरवले-सापडले, काही झाले तरी माणसे राजमठाकडे धाव घेत. रिद्धपूरची चावडी कुठेही असो, गावाचे मन राजमठात होते.

पण तसे पाहिले तर गावोगावी एखादा अवलिया होऊन गेलेला असतो. त्याच्या गोष्टी दोन-तीन पिढ्या टिकतात आणि मग विरून जातात. रिद्धपूरचे वेगळेपण असे, की इथे एक माणूस लेखणी घेऊन बसला.

शके ११९६ मध्ये, म्हणजे १२७४ च्या सुमारास, चक्रधरस्वामी शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले. पोरकी झालेली शिष्यमंडळी नागदेवाचार्यांच्या, म्हणजे भटोबासांच्या मागोमाग रिद्धपुरास आली आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. त्यांच्यात म्हाइंभट होते. सराळ्याचा हा मोठा शास्त्री एके काळी चक्रधरांना वादात हरवायला म्हणून गेला होता आणि शिष्य होऊन राहिला होता. स्वामी गेल्यावर नागदेवाचार्य त्यांच्या आठवणींतच बुडालेले असत. म्हाइंभटांच्या मनात आले, की या आठवणी या माणसांबरोबर जाऊ द्यायच्या नाहीत.

मग त्यांनी जे केले, ते आजच्या एखाद्या चांगल्या वार्ताहरालाही शिकण्यासारखे आहे. रिद्धपुरातल्या वाजेश्वरीच्या स्थानी ते नागदेवाचार्यांजवळ बसले, त्यांच्याकडून एकेक लीळा ऐकली आणि लिहून घेतली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वामींचा सहवास ज्यांना ज्यांना घडला होता, त्यांना गाठायला ते गावोगाव पायी हिंडले. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर त्यांतली एक खरी आणि दुसरी खोटी, असा निवाडा त्यांनी केला नाही. अमक्याला असे आठवते, तमक्याला तसे आठवते, असे त्यांनी लिहून ठेवले. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे १२७८ च्या आसपास, ‘लीळाचरित्र’ तयार झाले. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ. आणि तो जन्मला मोर्शी तालुक्यातल्या एका गावात. गोविंदप्रभूंनी १२८७-८८ च्या सुमारास देह ठेवल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्याही लीळा अशाच गोळा केल्या. त्या चरित्रात राजमठ आहे, गावच्या गल्ल्या आहेत, घरे आहेत, बाजार आहे, तेल्यातांबोळ्यांची, पाणी भरणाऱ्या बायांची बोलणी आहेत. इतक्या जुन्या काळातल्या एखाद्या मराठी गावाचे इतके जवळून काढलेले चित्र दुसरे क्वचितच सापडेल. अमेरिकेतल्या विदुषी अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १९८४ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला.

या मंडळींनी मराठी का धरली, हेही सांगण्याजोगे आहे. त्यांच्यात संस्कृतचे पंडित थोडेथोडके नव्हते. केशिराजबासांनी संस्कृतात रचना चालवली, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की असे झाले तर माझ्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील. पंथात येऊन बसलेल्या, संस्कृत न समजणाऱ्या म्हाताऱ्या बायांसाठी एका आचार्याने आपल्या विद्वान शिष्याचा हात धरला! मराठी भाषेच्या थोरवीची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. या एका कारणाएवढे भक्कम कारण त्यांत मला सापडलेले नाही.

आणि त्या बाया तरी नुसत्या ऐकणाऱ्या होत्या का? महदाइसा होती. सतत प्रश्न विचारणारी, खोलात शिरणारी. गोविंदप्रभूंना एकदा लहर आली, की आपले लग्न लावा. मंडळींनी लग्नाचा थाट मांडला, आणि महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे म्हटले. आपण जिला मराठीतली पहिली कवयित्री म्हणतो ती हीच, आणि तिचे काव्य जन्मले ते रिद्धपूरच्या एका लुटुपुटीच्या लग्नात.

आता इमारतीकडे येऊ. पुतण्याने इमारत विचारली होती.

राजमठाची इमारत आज जशी दिसते, तशी ती गोविंदप्रभूंच्या काळी होती, असे कुणीही म्हणणार नाही. वेळोवेळी जीर्णोद्धार झाले. मी लहानपणी पाहिलेला राजमठ आणि आजचा राजमठ यांतही फरक आहे. फरशी बदलली, रंग बदलला, दिवे बदलले. जुन्या इमारतींचा अभ्यास करणारा माणूस इथे आला, तर कदाचित हळहळेल. पण या पंथाने एक गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती, की भिंत टिकत नाही. म्हणून त्यांनी जागा लिहून ठेवली. त्यांचा ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ आहे. प्रभू ज्या ज्या गावी गेले, तिथली स्थाने त्यात क्रमाने दिली आहेत. देऊळ कोणत्या तोंडाचे, दार कोणत्या बाजूला, कोणत्या ठिकाणी आसन, कुठे निजणे, असा तपशील. आजच्या भाषेत बोलायचे तर शब्दांनी काढलेला नकाशाच तो. देऊळ पडले तरी पोथी घेऊन जागेवर जाता येईल, ओटा बांधता येईल, ही त्यामागची दृष्टी. एवढ्यानेही समाधान झाले नाही म्हणून की काय, नारो व्यास बहाळिये यांनी ‘ऋद्धिपूरवर्णन’ नावाचे काव्य रचले, आणि पंथाने ज्या सात काव्यग्रंथांना मान दिला, त्यांत त्याची गणना झाली. ज्याच्यावर असा मानाचा काव्यग्रंथ आहे, असे दुसरे खेडे महाराष्ट्रात मला तरी ठाऊक नाही.

पण पोथी तरी टिकते का? पंथाची परंपरा सांगते, की देवगिरीवर खिलजीच्या फौजा आल्या, त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीच हरवली. मग ज्यांना ज्यांना पाठ होते, त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी केली गेली. त्यांत हिराइसा नावाची एक बाई होती. तिच्या स्मरणातून उतरलेला तो ‘हिराइसापाठ’. म्हणजे भिंत पडली तर पोथी, आणि पोथी हरवली तर माणसाचे तोंड. शेवटचा आधार माणसाच्या तोंडाचाच.

पुढे याच भीतीने चौदाव्या शतकापासून त्यांनी आपले ग्रंथ सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत घातले. ग्रंथ वाचले; पण बाकीच्या महाराष्ट्राच्या नजरेआड झाले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कैक वर्षे या लोकांना जागाच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळी लिपी उलगडली, भाव्यांनी या वाङ्मयाची ओळख महाराष्ट्राला करून दिली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी पोथ्या छापून काढल्या. आणि आमच्या वऱ्हाडातल्या नरवेलच्या शेतकऱ्याच्या मुलाने, डॉ. वि. भि. कोलते यांनी, त्यासाठी उभे आयुष्य दिले. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले.

गंमत अशी, की महाराष्ट्राला जे ग्रंथ ठाऊक नव्हते, ते त्या काळात पंजाबात आणि पार पेशावर-काबूलपर्यंतच्या मठांत वाचले जात होते. तिकडे या पंथाला जयकृष्णी म्हणत. फाळणीनंतर तिकडचे लोक आपल्या पोथ्या घेऊन भारतात आले. त्या पोथ्यांची भाषा मराठी होती.

इथे मला माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे.

मी अमरावतीला कॉलेजात मराठी घेऊन शिकत होतो. कॉलेजच्या ग्रंथालयातून गोविंदप्रभूंच्या चरित्राची छापील प्रत आणून मी सुट्टीत घरी वाचत बसे. एका रात्री अंगणात आजी नातवंडांना विहिरीची लीळा सांगत होती. प्रभूंनी नखाने भुईवर रेघ ओढली, असे ती म्हणाली. मी पुस्तक हातात घेऊनच बसलो होतो. मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘आजी, नखाने रेघ-बिघ काही नाही. पुस्तकात तसे कुठे लिहिलेले नाही.’

पोरे हसली. आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तुह्या पुस्तकात नसन बापा. पन माह्या मायनं मले अशीच सांगतली.’ आणि तिने पुढची गोष्ट सांगितली नाही. पोरांना म्हणाली, ‘निजा आता.’

पुढे एम. ए.ला लीळाचरित्र नीट वाचताना मला म्हाइंभटांची रीत कळली. अमक्याला असे आठवते, तमक्याला तसे. तेव्हा मला त्या रात्रीची आठवण झाली आणि कानशिले तापली. म्हाइंभट माझ्या जागी असते, तर त्यांनी काय केले असते? त्यांनी पुस्तक मिटले असते आणि विचारले असते, ‘माय, नख कोणत्या हाताचं?’ विचारून लिहून घेतले असते. मी मराठीचा विद्यार्थी. मी ती गोष्ट बंद पाडली.

सुट्टी लागली की आजीजवळ बसायचे आणि तिच्याकडून सगळे लिहून घ्यायचे, असे मी ठरवले. शंभर पानी वहीसुद्धा आणली. पण परीक्षा आली, मग नोकरी, मग लग्न. आजी एका पावसाळ्यात गेली. वही कोरी राहिली. ती अजून माझ्याजवळ आहे. तीस-पस्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले; पहिला गद्यग्रंथ कोणता, असा एका गुणाचा प्रश्न घातला, आणि ज्या बाईला त्याचे उत्तर न वाचता ठाऊक होते, तिचे एक वाक्यही मी लिहून ठेवले नाही.

याखिमोवची हकिगत मला टोचली ती यामुळे. तिथे इमारत राहिली आणि सांगणारे गेले. रिद्धपुरात भिंती बदलत गेल्या. पण सांगणाऱ्यांची साखळी आठशे वर्षे तुटली नाही. मायने लेकीला, लेकीने नातीला. ती साखळी कुणा राजाने तोडली नाही, कुणा फौजेने तोडली नाही. आमच्या अंगणापुरती ती तोडली एका शिकलेल्या नातवाने.

आता रिद्धपुराला पुन्हा एकदा इमारत मिळते आहे. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात इथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याची घोषणा झाली. २०२४ मध्ये पहिले कुलगुरू नेमले गेले आणि काम सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मला याचा आनंद आहे. पुण्यामुंबईला न होता हे विद्यापीठ वऱ्हाडातल्या एका गावी झाले, याचा तर विशेष आनंद आहे. म्हाइंभटांचे ऋण मराठी माणसाने इतक्या उशिरा का होईना, मान्य केले.

पण आनंदाच्या पोटात एक धास्तीही आहे. मोठी इमारत उभी राहिली, की तिचा उंबरठा उंच होतो. आतले लोक शुद्ध बोलू लागतात आणि बाहेरचे बोलायचे थांबतात. रिद्धपूरच्या विद्यापीठात ‘मले-तुले’ म्हणणारी म्हातारी बाई पाऊल टाकू शकेल का? टाकले तर तिला कुणी सतरंजी देईल का, की कुणी माझ्यासारखा पदवीधर तिला पुस्तकातले पान दाखवील? नागदेवाचार्यांनी ज्या बायांसाठी संस्कृत बाजूला ठेवली, त्यांच्याच पणत्या-खापरपणत्या या गावात राहतात. त्या नागवल्या जाऊ नयेत, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

माझी एक साधी सूचना आहे. विद्यापीठात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी एक ओटा आपल्याकडे घ्यावा. गावात ओट्यांना तोटा नाही. त्या ओट्याशी जाऊन बसावे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, की या जागेची गोष्ट तुम्ही कशी ऐकली आणि कुणाकडून ऐकली. वऱ्हाडी माणसाला विचारावे, पंजाबातून आलेल्याला विचारावे, गावात राहणाऱ्या पण पंथाच्या नसलेल्यालाही विचारावे. मातंगांच्या विहिरीची गोष्ट मातंगांच्या घरी काय सांगतात, हे तर आधी विचारावे. आणि जसे ऐकले तसे लिहावे. सुधारून लिहू नये. दहा वर्षांत एक नवी स्थानपोथी तयार होईल. विद्यापीठाला यापेक्षा चांगला पाया कोणता मिळणार?

गेल्या महिन्यात मी राजमठात जाऊन आलो. गुडघे दुखतात, तरी उंबऱ्यावर डोके टेकलेच. आत एका कोपऱ्यात पंजाबकडची एक वृद्ध बाई भिंतीला टेकून डोळे मिटून पाठ म्हणत होती. मी कान दिला. उच्चार तिकडचे होते. पण शब्द मराठी होते, तेही सातशे वर्षांपूर्वीचे. पाठ संपल्यावर मी मराठीत विचारले, ‘माय, हे कुणी शिकवलं?’ तिला कळले नाही. मराठी बोलणे तिला येत नव्हते! मग मी हिंदीत विचारले. ती म्हणाली, तिच्या नानीने. आणि नानीला तिच्या आईने, तिकडे, सरहद्दीपलीकडच्या गावी.

मी पिशवीतून वही काढली. तीच ती कोरी, कडा पिवळ्या पडलेली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि तिला म्हटले, ‘माताजी, पुन्हा एकदा म्हणा. हळूहळू.’